कापलेले आणि कापून दाखवलेले

नेत्र विभागाच्या भिंतीवर डोळ्याचे एक मोठे चित्र हमखास असते. त्यातल्या बुबुळाच्या गोलाचा चतकोर भाग काढलेला असतो, म्हणून आतले भिंग, नेत्रपटल आणि मागून निघणारी मज्जा दिसते. शेजारच्या विभागात मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे असेच चित्र असते. ही चित्रे पाहून डोळा फुटला आहे किंवा मूत्रपिंडाचा तुकडा पडला आहे, असे कोणालाच वाटत नाही. आत पाहता यावे म्हणून चित्रकाराने तेवढा भाग उघडा ठेवला आहे, हे लहान मुलालाही न सांगता कळते.

संगणकाला ते न सांगता कळत नाही. त्याच्या दृष्टीने आकृतीचा एखादा भाग एक तर आहे, नाही तर नाही. पाहणाऱ्याच्या सोयीसाठी उघडलेला भाग आणि प्रत्यक्षात काढून टाकलेला भाग यांत त्याला कोणी फरक करून दिला, तरच तो फरक राहतो. हा मुद्दा वरवर पाहता अभियंत्यांचा वाटतो. पण कर्करुग्णाला किती किरण द्यायचे, गुडघ्याखालच्या हाडातून किती जाडीची पाचर काढायची, कवटीतली पोकळी भरण्यासाठी कोणत्या आकाराचा तुकडा छापायचा, हे सगळे आता संगणकात उभ्या केलेल्या घनाकृतीवर ठरते. त्या आकृतीतला काप चुकला, तर त्याची किंमत रुग्णाचे शरीर मोजते. म्हणून अशा प्रत्येक आकृतीतला काप कसा नोंदवला, कशासाठी नोंदवला आणि पडद्यावरच्या चित्राखेरीज त्याची दुसरी कोणती पडताळणी झाली, हे रुग्णालयांनी लिहून ठेवायला हवे.

ताटात उरलेली भाकरी

संगणकावर घनाकृती उभी करण्याची एक जुनी आणि सरळ पद्धत आहे. गोल, दंडगोल, शंकू, ठोकळा असे मूळ आकार घ्यायचे. ते एकमेकांत मिळवायचे किंवा एकातून दुसरा वजा करायचा. त्यात कोनात कापलेला भाग दाखवायचा असेल, तर भाकरीचे उदाहरण पुरेसे आहे. भाकरीतून चतकोर तुकडा काढला, हे संगणकाला सांगायचे तर दोन आकडे लागतात: काप कुठून सुरू होतो आणि किती अंशांपर्यंत पसरतो. पूर्ण भाकरी ३६० अंशांची, चतकोर तुकडा ९० अंशांचा.

इतक्या साध्या गोष्टीतही चुका करायला भरपूर वाव आहे. ‘जिएंट-४’ या संगणकप्रणालीचे उदाहरण पाहू. युरोपातील ‘सर्न’ ही प्रयोगशाळा आणि जगभरातील इतर संस्थांनी मिळून ती बनवली. तिची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली. पदार्थातून जाणाऱ्या कणांचे काय होते, याचा हिशेब ती करते. मुळात ती कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी होती. पुढे किरणोपचार आणि अण्वीय वैद्यक यांच्या संशोधनात तिचा वापर वाढला. या प्रणालीत नळीसारखा दंडगोल मांडायला पाच आकडे द्यावे लागतात: आतली त्रिज्या, बाहेरची त्रिज्या, अर्धी लांबी, सुरुवातीचा कोन आणि कोनाचा विस्तार.

पहिला घोटाळा शेवटच्या आकड्यात होतो. तो विस्तार आहे, शेवटचा कोन नव्हे. ९० अंशांपासून १८० अंशांपर्यंतचा चतकोर हवा असेल, तर ९० आणि ९० असे लिहायचे. ‘९० ते १८०’ असे मनात धरून कोणी ९० आणि १८० लिहिले, तर चतकोराऐवजी अर्धा दंडगोल तयार होतो.

दुसरा घोटाळा त्याहून फसवा आहे. इथे सांगायचे असते ते ताटात किती भाकरी उरली हे. किती खाल्ली हे नव्हे. म्हणजे चतकोर काढून टाकायचा असेल, तर विस्तार २७० लिहावा लागतो. ९० लिहिले की तो चतकोरच उरतो आणि बाकीची तीन चतकोर भाकरी नाहीशी होते. काही प्रणालींत मात्र पाचरीचा आकार वेगळा करून मूळ आकृतीतून वजा करतात. तिथे खाल्लेला तुकडा सांगायचा असतो. एका प्रणालीची सवय दुसरीकडे नेली की उलटापालट ठरलेलीच.

तिसरा घोटाळा एककाचा. शाळेत कोन अंशांत मोजतात, पण अशा बऱ्याच प्रणाली आतून रेडियनमध्ये चालतात. १ रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश आणि पूर्ण वर्तुळ म्हणजे ६.२८ रेडियन. एककाचा उल्लेख न करता नुसते २७० लिहिले, तर प्रणाली ते २७० रेडियन समजते. हा विस्तार पूर्ण वर्तुळाहून कितीतरी मोठा असल्याने ती मुकाट्याने सबंध दंडगोल उभा करते. काप कुठेच नसतो आणि चूक झाल्याची सूचनाही येत नाही.

चौथी अडचण कडेची. वजा करायची पाचर मूळ आकाराच्या कडेशी तंतोतंत जुळवली, तर त्या सामाईक पृष्ठभागावर नेमके काय आहे, हे संगणकाला ठरवता येत नाही. तिथे कधी पातळ पापुद्रा राहतो, कधी कण अडकल्यासारखा होतो. उपाय घरगुती आहे: सुरी भाकरीच्या कडेच्या थोडी बाहेरपर्यंत न्यायची. वजा करायचा आकार मूळ आकारापेक्षा किंचित मोठा ठेवावा, असे या प्रणालींचे जाणकार सांगतात ते यासाठीच.

दोन सुऱ्या

या सगळ्यांच्या वर एक मूळ फरक आहे. आकृती दाखवणाऱ्या बहुतेक प्रणालींत दोन प्रकारच्या सुऱ्या असतात. एक सुरी पदार्थाला कापते. तिने कापलेला भाग हिशेबातूनही जातो. तिथून जाणाऱ्या किरणाला ऊतक, हाड किंवा शिसे लागत नाही. दुसरी सुरी फक्त नजरेला कापते. पडद्यावर तेवढा भाग दिसत नाही, पण हिशेबात तो पूर्ण असतो. ‘जिएंट-४’मध्येही आकृती मांडण्याचा भाग आणि ती कापून दाखवण्याचा भाग वेगवेगळे आहेत.

गोंधळ होतो तो या दोन सुऱ्यांची अदलाबदल झाली की. शोधनिबंधासाठी किंवा व्याख्यानासाठी आतली रचना दाखवायची म्हणून एखादा विद्यार्थी संरक्षक शिशाच्या कवचाचा चतकोर भाग खराच कापतो, चित्र घेतो आणि तो काप परत भरायला विसरतो. पुढचा सगळा हिशेब चतकोर उघड्या कवचावर चालतो. किरण त्या उघड्या बाजूने बाहेर पडत राहतात आणि कवच अपुरे आहे असा निष्कर्ष निघतो. उलट प्रकारही घडतो. काप खरा हवा होता, एककाच्या चुकीने तो झालाच नाही. पण पडद्यावर नजरेची सुरी चालू असल्याने चित्र मात्र अपेक्षेप्रमाणे कापलेले दिसते. चित्र पाहून समाधान होते आणि चूक झाकली जाते.

पडद्यावरचे चित्र हा संगणकातील आकृतीचा पुरावा नसतो. ते त्या आकृतीबद्दलचे एक निवेदन असते, आणि निवेदन तपासावे लागते.

शरीराची भूमिती

मानवी शरीर गोल-दंडगोलांत कसे बसणार, असा प्रश्न साहजिक आहे. ते बसवले गेले आणि अनेक वर्षे चाललेही. किरणोत्सारी औषध शरीरात गेल्यावर कोणत्या अवयवाला किती मात्रा मिळते, हे काढण्यासाठी अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९६९ मध्ये मानवी शरीराचे एक गणिती प्रतिरूप प्रसिद्ध केले. त्यात हातांसह धड म्हणजे लंबवर्तुळाकार दंडगोल, डोके व मान म्हणजे दुसरा दंडगोल आणि पाय म्हणजे टोक छाटलेला शंकू होता. या एकाच देहात स्त्री आणि पुरुष दोघांचीही प्रजननेंद्रिये होती, म्हणजे एका हिशेबात दोन्हींची मात्रा निघे.

या प्रतिरूपात अवयव घडवण्याचे मुख्य साधन कापच होते. प्रत्येक फुप्फुस म्हणजे अर्धा लंबवर्तुळाकार गोल, त्यातला एक भाग काढून टाकलेला. यकृत म्हणजे तिरक्या पातळीने छाटलेला दंडगोल. फुप्फुसातून काढलेला भाग दाखवण्यासाठी नव्हता. प्रत्यक्ष शरीरातही तिथे फुप्फुस नसते. हा पदार्थ कापणाऱ्या सुरीचा योग्य वापर. तो चुकला असता तर एकच जागा दोन अवयवांची ठरली असती, किंवा फुप्फुसाचे वजन आणि त्याला मिळालेली मात्रा दोन्ही चुकली असती. कारण मात्रा म्हणजे शोषलेली ऊर्जा भागिले वस्तुमान. अवयवाचा आकार चुकला की भागाकारातली खालची संख्या चुकते.

पुढे सीटी स्कॅनवरून बनवलेली, लाखो छोट्या ठोकळ्यांची प्रतिरूपे आली. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय किरण संरक्षण आयोगाने स्त्री आणि पुरुष यांची अशी स्वतंत्र संदर्भ प्रतिरूपे प्रसिद्ध केली. शरीर अधिक खरे दिसू लागले. तरी यंत्राचा भाग, म्हणजे किरणांचा स्रोत, त्यावरचे कवच आणि किरणांना आकार देणारी झडप, आजही बहुधा गोल, दंडगोल आणि त्यांतल्या कापांनीच मांडला जातो. काप कालबाह्य झालेला नाही. तो शरीरातून यंत्रात सरकला आहे.

पनामातील अठ्ठावीस रुग्ण

आकृतीतले छिद्र संगणकाला कसे सांगितले, यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण मध्य अमेरिकेतील पनामा देशात घडले. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ओटीपोटातील कर्करोगांवर कोबाल्ट यंत्राने किरणोपचार होत. निरोगी भाग वाचवण्यासाठी किरणांच्या वाटेत शिशासारख्या जड धातूचे ठोकळे ठेवतात. किती वेळ किरण द्यायचे, हे उपचार नियोजनाची संगणकप्रणाली काढून देई. त्या प्रणालीत एका क्षेत्रासाठी जास्तीत जास्त चार ठोकळे नोंदवता येत. डॉक्टरांना काही रुग्णांसाठी पाचवा ठोकळा हवा होता.

ऑगस्ट २००० पासून यावर एक तोड काढण्यात आली. अनेक ठोकळे एकाच ठोकळ्यासारखे नोंदवायचे: आधी बाहेरची सीमारेषा गिरवायची, मग आतली. जणू एक मोठा ठोकळा आणि त्यातून कापून काढलेले छिद्र. कल्पना चुकीची नव्हती. पण दोन्ही रेषा कोणत्या दिशेने गिरवल्या, यावर हिशेब अवलंबून होता. बाहेरची रेषा एका दिशेने आणि आतली उलट दिशेने गिरवली, तर उत्तर बरोबर येई. दोन्ही एकाच दिशेने गिरवल्या, तर प्रणाली उपचाराचा वेळ जवळपास दुप्पट काढे. तिने ही नोंद नाकारली नाही, धोक्याची सूचना दिली नाही. आणि कागदावर छापून येणारे क्षेत्राचे व ठोकळ्यांचे चित्र सगळे ठीक असल्यासारखेच असे.

काही महिन्यांनी रुग्णांना नेहमीपेक्षा तीव्र आणि लांबलेले जुलाब होऊ लागले. ओटीपोटावरील किरणोपचारात थोडेफार जुलाब होतातच, त्यामुळे सुरुवातीला संशय आला नाही. २००१ च्या सुरुवातीला हिशेब पुन्हा तपासल्यावर चूक उघड झाली. मे २००१ मध्ये पनामा सरकारने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मदत मागितली. २८ रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त किरण मिळाले होते. संस्थेचे तज्ज्ञ तिथे गेले तेव्हा त्यापैकी आठ जणांचा मृत्यू झालेला होता; त्यांतील पाच मृत्यू बहुधा अतिरिक्त किरणांमुळेच झाले, असे त्यांचे मत पडले. नंतर तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांवर खटलाही चालला.

या घटनेची चर्चा बहुतेक वेळा ‘प्रणाली सदोष की माणसे निष्काळजी’ एवढ्यावरच थांबते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जी प्रणाली दोन वेगळ्या नोंदींवर दोन वेगळी उत्तरे देते आणि चित्र मात्र तेच दाखवते, तिच्या रचनेत दोष आहेच. तिच्या माहितीपुस्तिकेतही या धोक्याचा स्पष्ट इशारा नव्हता. दुसरीकडे, नोंदवण्याची पद्धत बदलल्यावर त्या पद्धतीची चाचणी कोणी घेतली नाही, आणि संगणकाने काढलेला वेळ हाताने हिशेब करून किंवा पाण्याच्या टाकीत प्रत्यक्ष मोजून पडताळला गेला नाही. दुप्पट वेळ ही काही बारीक चूक नव्हे. कागदावर पाच-दहा मिनिटांचा हिशेब केला असता, तर ती पहिल्याच रुग्णाच्या वेळी नजरेत आली असती.

दिशेचा हा नियम फक्त जुन्या प्रणालींपुरता नाही. त्रिमितीय छपाईसाठी आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एसटीएल’ प्रकारच्या फाइलमध्ये आकृतीचा पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांचा असतो. प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे कोणत्या क्रमाने दिले, यावरून आत कोणते आणि बाहेर कोणते, हे ठरते. क्रम उलटला तर भरीव भाग आणि पोकळी यांची अदलाबदल होऊ शकते. कवटीतील पोकळीसाठी झाकण छापताना हाच नियम लागू असतो.

गुडघ्याखालची पाचर

संगणकातला कोन शरीरात कसा उतरतो, याचे अगदी ओळखीचे उदाहरण गुडघ्याचे आहे. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त भार येऊन तिथली कूर्चा झिजते. तुलनेने तरुण आणि कष्टाचे काम करणाऱ्या रुग्णाचा सांधा बदलण्याऐवजी नडगीच्या हाडाचा कोन सुधारण्याची शस्त्रक्रिया केली जाते. एका पद्धतीत हाडाच्या बाहेरच्या बाजूने पाचर काढून फट मिटवतात. दुसऱ्या पद्धतीत आतल्या बाजूने छेद घेऊन पाचरीइतकी फट उघडतात. दोन्हींत प्रश्न एकच: पाचर किती अंशांची?

शस्त्रक्रियागृहात अंश मोजणे अवघड, मिलिमीटर मोजणे सोपे. म्हणून ‘एका अंशाला एक मिलिमीटर’ असा एक जुना ठोकताळा आहे. तो खरा ठरतो हाडाची रुंदी ५७ मिलिमीटर असेल तेव्हाच. वर आलेला ५७.३ चा आकडा इथे पुन्हा भेटतो, आणि तो योगायोग नाही. लहान कोनांसाठी अंश आणि लांबी यांचे नाते रेडियनमधूनच येते. हाड ७० मिलिमीटर रुंद असेल, तर १० अंशांच्या सुधारणेसाठी पाचरीचा पाया १२.३ मिलिमीटर हवा. ठोकताळ्याने १० मिलिमीटर घेतला, तर सुधारणा आठ अंशांच्या जेमतेम पुढे जाते. ५० मिलिमीटर रुंदीच्या लहान हाडात तोच १० मिलिमीटरचा पाया ११ अंशांहून जास्त सुधारणा करतो. एकाचा पाय वाकडाच राहतो, दुसऱ्याचा उलट बाजूला झुकतो.

आता हे नियोजन संगणकावर होते आणि त्यामुळे ते अधिक अचूक झाले आहे, यात शंका नाही. पण क्ष-किरण चित्रात हाड मोठे दिसते, म्हणून ज्ञात आकाराची गोळी शेजारी ठेवून प्रमाण ठरवावे लागते. ते प्रमाण चुकीचे भरले, तर पडद्यावरची पाचर सुबक दिसते आणि तिचे मिलिमीटर खोटे असतात. इथेही चित्र निर्दोष आणि आकडा सदोष, अशी गाठ पडू शकते.

वजन करून पाहा

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की आजच्या प्रणाली पनामाच्या काळातल्या नाहीत; ठोकळ्यांची जागा बहुतेक ठिकाणी संगणकाने हलणाऱ्या धातूच्या पट्ट्यांनी घेतली आहे आणि अवयवांच्या रेषाही आता यंत्रच काढते. हे खरे आहे. पण माणसाचा हात जितका दूर जातो, तितकी चूक पाहणारी नजरही दूर जाते. रेषा हाताने काढणाऱ्याला निदान आपण कोणत्या दिशेने गेलो हे आठवते. यंत्राने काढलेल्या रेषेबाबत तेही उरत नाही. म्हणून स्वतंत्र पडताळणीची गरज वाढली आहे, कमी झालेली नाही.

दुसरा आक्षेप सरकारी रुग्णालयांतून येतो आणि तो गंभीर आहे: रुग्णांची रांग दाराबाहेर गेलेली असताना दुहेरी हिशेब करायला माणसे कुठून आणायची? भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार किरणोपचार केंद्रात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असावाच लागतो. पण कागदावरचे किमान पद भरले, म्हणजे कामाच्या प्रमाणात माणसे मिळाली असे होत नाही. एकाच व्यक्तीने योजना करायची आणि तिनेच ती तपासायची, ही तपासणी नव्हे. पदांची संख्या रुग्णांच्या संख्येशी बांधायला हवी आणि नवे यंत्र खरेदी करताना त्याच प्रस्तावात ते तपासणाऱ्या माणसाचे पद असायला हवे. कोट्यवधींचे यंत्र घ्यायचे आणि त्याचा हिशेब ताडून पाहणाऱ्याच्या पगारावर बचत करायची, हा उलटा व्यवहार आहे.

पडताळणी दर वेळी महागडी असते असेही नाही. कोनात कापलेल्या आकृतीची सर्वांत सोपी तपासणी म्हणजे तिचे वजन. १० सेंटिमीटर त्रिज्येचा, पाण्याने भरलेला गोल सुमारे ४.१९ किलोचा असतो. त्यातून ९० अंशांचा चतकोर काढला, तर सुमारे ३.१४ किलो उरायला हवेत. संगणकाने ४.१९ सांगितले, तर काप झालेलाच नाही. १.०५ सांगितले, तर काढायचा तुकडा ठेवला गेला आणि ठेवायचा काढला गेला. २.०९ आले, तर कुठेतरी अर्धा गोल झाला आहे. वर सांगितलेले पहिले तीनही घोटाळे या एका आकड्यात पकडले जातात, आणि हा आकडा बहुतेक प्रणाली मागितल्याबरोबर देतात. भाजीवाला फोड तराजूत टाकतो. नुसती पाहून किंमत सांगत नाही. तेवढी शिस्त इथेही पुरे.

त्याला जोडून आणखी तीन गोष्टी नियमात बसवता येतील. उपचाराशी संबंधित प्रत्येक आकृतीसोबत कापाची एक ओळ लिहिलेली असावी: सुरुवात कुठून, विस्तार किती, एकक कोणते, आणि काप पदार्थाचा की फक्त दाखवण्याचा. नोंदवण्याची पद्धत बदलली, मग ती कितीही किरकोळ वाटो, तर पहिल्या रुग्णाआधी तिची चाचणी पाण्याच्या टाकीत किंवा प्रतिरूपावर व्हावी. आणि छापलेले प्रत्येक प्रतिरूप शस्त्रक्रियेआधी एका दुसऱ्या व्यक्तीने पट्टीने मोजावे. २०२० पासून भारतात वैद्यकीय वापराच्या संगणकप्रणालीही वैद्यकीय उपकरणांच्या नियमनाखाली आल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात निवासी डॉक्टरने मोफत मिळणाऱ्या प्रणालीवर रात्री बसून बनवलेले प्रतिरूप बाजारात येत नाही. त्याची राखण रुग्णालयाच्या घरच्या नियमांनीच होणार.

या शिस्तीचा पाया पदवीच्या अभ्यासक्रमात घालायला हवा. वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदनात खरी सुरी हातात धरायला शिकतो. कुठे कापायचे, किती खोल आणि कापल्यावर काय जपायचे, हे त्याला महिनोन् महिने शिकवले जाते. संगणकातली सुरी मात्र तो स्वतःच चाचपडत शिकतो, आणि तिच्या कापाला रक्त येत नसल्याने ती चुकल्याचे लगेच कळतही नाही. किरणशास्त्र आणि अस्थिरोगशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांचा पाठ पुरेल: एक गोल, एक काप, एक वजनाचा हिशेब आणि पनामाची हकिगत.

रुग्णाने यातले गणित जाणून घेण्याची गरज नाही. पण किरणोपचार किंवा हाडाची नियोजित शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी एक साधा प्रश्न विचारण्याचा हक्क त्याला आणि त्याच्या नातेवाइकांना आहे: “हा हिशेब दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासला आहे का?” चांगल्या विभागात या प्रश्नाचा राग येत नाही, तिथे उत्तर फायलीत तयार असते. जिथे उत्तरादाखल फक्त पडद्यावरचे सुंदर रंगीत चित्र दाखवले जाते, तिथे तोच प्रश्न नम्रपणे पुन्हा विचारावा.